विमानातली पुडी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांत विमानप्रवासातल्या खाण्याचे प्रश्न बरेच आहेत. बहुतेकांना हलकं, कोरडं, टिकाऊ आणि शिवाय कमी कॅलरीचं काहीतरी हवंय. कोरडं आणि कमी कॅलरीचं यांचं एकमेकांशी फारसं पटत नाही, एवढं आधीच सांगून टाकतो.

प्रश्न : सांगलीहून पहाटे अडीचला निघून पुण्याहून साडेनऊचं दिल्लीचं विमान गाठायचं आहे. वजन कमी करणं चालू आहे. विमानतळावरचा सामोसा आणि गोड कॉफी टाळायची, तर दोनशे कॅलरींत बसेल असं काय न्यावं?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

विमान दोन-सव्वादोन तासांचं असलं तरी तुम्ही घराबाहेर नऊ-दहा तास असणार. एवढा वेळ दोनशे कॅलरींवर काढायचा ठरवलात तर शेवटी सामोसाच खाल. म्हणून दोनशे-दोनशेच्या दोन वेळा धरा, एक गाडीतली आणि एक विमानातली.

ओलसर पदार्थ गाडीत संपवायचे. दोन उकडलेली अंडी म्हणजे साधारण १५० कॅलरी, तीन लहान इडल्या म्हणजे १७० च्या आसपास. शिजवलेलं ओलं अन्न बाहेरच्या हवेत दोन तासांच्या वर ठेवू नये, म्हणजे तुमच्या हिशेबाने सातारा यायच्या आत ते पोटात गेलेलं असावं. पहाटे साडेचारला घास उतरत नसेल तर अंडी नेऊच नका. नऊ वाजता विमानतळावर ती डबी उघडण्यात अर्थ नाही.

विमानातली वेळ कोरडी : २५ ग्रॅम फुटाणे (सुमारे ९० कॅलरी) आणि एक लहान सफरचंद किंवा पेरू (८० ते १००). फुटाण्यांतली प्रथिनं आणि फळातलं पाणी व चोथा मिळून दोन-तीन तास सहज निघतात. फळ अख्खं न्या. घरून चिरून नेलेलं काळं पडतं, पाणी सोडतं, आणि विमानात चिरायचं म्हटलं तर चाकू केबिनमध्ये नेता येत नाही. तेव्हा दातांनी तोडता येईल असंच निवडा.

आता मापाचं. ‘मूठभर’ हे माप वजन कमी करणाऱ्याच्या उपयोगाचं नाही. भरल्या मुठीत ३५-४० ग्रॅम शेंगदाणे सहज मावतात, म्हणजे दोनशेच्या वर कॅलरी एका मुठीत गेल्या. घरात वजनकाटा नसेल तर वाण्याकडून फुटाणे बरोबर १०० ग्रॅम तोलून आणा आणि घरी चार सारख्या पुड्या बांधा. पर्समध्ये एकच पुडी ठेवायची, बाकीच्या वरच्या कप्प्यातल्या बॅगेत. पट्टा सोडून, शेजाऱ्याला उठवून दुसरी पुडी काढायचा कंटाळा येतो, आणि तेच हवंय.

प्रश्न : आमच्याकडे घरचे बेदाणे असतात. तळलेलं नाही, साखर घातलेली नाही, म्हणजे कमी कॅलरीचंच झालं ना?
— एक वाचक, तासगाव

तळलेलं नाही हे खरं, कमी कॅलरीचं मात्र नाही. साधारण चार किलो द्राक्षं वाळली की किलोभर बेदाणा होतो, हे तासगावकरांना आम्ही सांगायला नको. उडून जातं ते पाणी. साखर सगळी मागे राहते. म्हणून १०० ग्रॅम द्राक्षांत ७० च्या आसपास कॅलरी, तर तेवढ्याच बेदाण्यांत ३०० च्या आसपास. एक सपाट मोठा चमचा बेदाणे फुटाण्यांत मिसळलेत तर चव येते आणि ३० कॅलरीच वाढतात. डबी भरून नेऊ नका.

हंगाम असेल तर द्राक्षंच न्या. घड नेला की मणी देठाशी सुटतात, रस गळतो आणि बाकीचे चिकट होतात. त्यासाठी मणी ओढून तोडू नका, कात्रीने देठाचा अगदी छोटा तुकडा ठेवून कापा. धुऊन पंचावर पसरा, पूर्ण कोरडे होऊ द्या, मग कडक डबीत तळाला कागदी रुमाल घालून एकाच थरात ठेवा. १५० ग्रॅम द्राक्षं म्हणजे सुमारे १०० कॅलरी, आणि खायला वेळही लागतो. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला हीच पद्धत लावा, पण ती अर्ध्या दिवसाच्या वर टिकेल अशी अपेक्षा नको.

प्रश्न : भडंग सोडून दुसरं काही घरात कुणाला चालत नाही. कमी तेलात केलं की ते कोरडं लागतं, मसाला तळाला राहतो आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडतं. काय चुकतं?
— एक वाचक, मिरज

तीन वेगळ्या चुका आहेत, एकेक पाहू.

आधी प्रमाण : भडंगाचे जाड चुरमुरे १०० ग्रॅम, शेंगदाणे २० ग्रॅम, डाळं २० ग्रॅम, तेल दोन लहान चमचे (१० मिलि), लसूण सहा-सात पाकळ्या, कढीलिंबाची दहा-बारा पानं, हळद, तिखट, जिरं. एकूण ६४० च्या आसपास कॅलरी होतात. २५ ग्रॅमची पुडी साधारण ११० कॅलरींची, आणि ती दिसायला चांगली भरघोस होते.

मऊ पडण्याचं मूळ बहुधा लसणात असतं. पाकळी बाहेरून तांबूस झाली तरी आत ओली राहते आणि ते पाणी रातोरात चुरमुऱ्यांत उतरतं. लसूण ठेचू नका, पातळ काप करा आणि मंद आचेवर काप वाजायला लागेपर्यंत परता. कढीलिंब धुतला असेल तर पुसून तासभर पसरून ठेवा. चुरमुरे आधी कोरड्या कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटं हलवा. एक दाणा चिमटीत दाबला की कट्ट आवाज व्हायला हवा. नुसता चेपला गेला तर अजून दमट आहे. शेंगदाणे वेगळे कोरडे भाजून घ्या, नाहीतर तुमचं दोन चमचे तेल तेच पिऊन टाकतात.

मसाला तळाला राहतो कारण तो जाडसर असतो आणि तेल कमी. हळद, तिखट, भाजलेलं जिरं एकत्र अगदी बारीक करून घ्या. गॅस बंद करा, दहा सेकंद थांबा, मग मसाला तेलात घाला. चालू गॅसवर तिखट करपतं आणि कडवट होतं. चुरमुरे दोन वेळा विभागून घाला आणि दोन उलथन्यांनी खालून वर करा. मीठ शेवटी, चाखून घाला, कारण चुरमुरे मुळातच खारे असतात. विमानात गोड-खारट चव जिभेला मंद लागते म्हणून काही जण घरूनच मीठ वाढवतात. तसं करू नका, त्याने नुसती तहान लागते. चव उठायला आमचूर किंवा मिरपूड घाला.

तिसरी चूक गरम भडंग डब्यात भरण्याची. परातीत अर्धा-पाऊण तास पसरून ठेवा, परात तळाशी गार लागली की भरा. आणि पुडीबरोबर चमचा न्या. पिवळी बोटं पुसायला विमानातला तो एवढासा कागदी रुमाल पुरत नाही.

प्रश्न : मुलीकडे लंडनला जातोय. वाटेत खायला दही-पोहे, लसणीची चटणी, मिरचीचं लोणचं आणि थोडे कंदी पेढे न्यायचे आहेत. तपासणीत काय अडेल?
— एक ज्येष्ठ वाचक, सातारा

जवळजवळ सगळंच. आंतरराष्ट्रीय प्रवासात केबिन बॅगेतला कुठलाही पातळ किंवा लिबलिबीत पदार्थ १०० मिलिपर्यंतच्या डबीत हवा, आणि अशा सगळ्या डब्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावायला हव्यात. दही, श्रीखंड, शेंगदाण्याचं बटर, मुरांब्याचा पाक हे सगळं यात आलं. माप डबीचं धरतात, आतल्या मालाचं नाही : दोनशे मिलिच्या डबीत तळाशी चमचाभर दही असलं तरी ती डबी काढून घेतात. मिरचीचं लोणचं आणि तिखटाची सुटी पूड केबिनमध्ये नको, चेक-इनच्या सामानात टाका. चटणीचंही तेच करा.

सुक्या खोबऱ्याची वाटी मात्र कुठल्याच बॅगेत घालू नका. तिच्यात तेल एवढं असतं की ती आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालात गणली जाते.

पेढे भारतातून निघताना कुणी अडवणार नाही. अडचण उतरल्यावर आहे. भारतातून ब्रिटनमध्ये किंवा युरोपीय संघाच्या देशांत दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. तेव्हा पेढा विमानातच खा (एक, दोन नव्हे. खव्याचा पदार्थ १०० ग्रॅमला चारशेच्या आसपास जातो) आणि उरलेले उतरण्यापूर्वी टाकून द्या. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी अर्धी पुडी फुटाणेसुद्धा तिथे उतरताना भरायच्या अर्जात लिहावेत. न लिहिल्याचा दंड फुटाण्यांच्या कितीतरी पट असतो. दुबईकडे जाणाऱ्यांनी खसखस घातलेलं काहीही नेऊ नये, तिथे तिला बंदी आहे. लाडवावर हौसेने लावलेली खसखसही त्यात आली.

तुमच्यासाठी पर्याय : दही-पोह्यांऐवजी दशम्या. कणीक दुधात घट्ट भिजवा, तेल अगदी पुसल्यासारखं लावा, दोन्ही बाजू नीट भाजा आणि गार झाल्यावरच कापडात गुंडाळा. गरमच फॉइलमध्ये बांधली की वाफ आत कोंडते आणि दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. चाळीस ग्रॅमची दशमी साधारण १२० कॅलरींची. दूध घातलेलं असल्यामुळे लंडन येण्याआधी तीही संपवा. पाण्याची बाटली रिकामी न्या आणि तपासणीच्या पलीकडे भरून घ्या.

प्रश्न : विमानात पोट फुगतं. जमिनीवर तेच खाल्लं तर काही होत नाही. असं का?
— एक वाचक, वाई

केबिनमधला हवेचा दाब जमिनीवरच्याएवढा नसतो. तो १८०० ते २४०० मीटर उंचीवर असावा तेवढा ठेवतात. महाबळेश्वर १४०० मीटरच्या आत आहे, कळसूबाई १६४६. म्हणजे खुर्चीत बसल्या बसल्या तुम्ही कळसूबाईच्याही वर असता. दाब उतरला की आतड्यांतला वायू पाव ते एक तृतीयांश पटीने फुगतो. घरून नेलेलं वेफर्सचं पाकीट टम्म होतं ना, तसंच.

आदल्या रात्रीची मटकीची उसळ, छोले, कच्चा कांदा, कोबी टाळा, विमानात सोडा आणि च्युइंगगम टाळा. वर आम्ही फुटाण्यांची शिफारस केली आहे, पण हरभरा सोसत नसेल तर त्यांच्या जागी ज्वारीच्या लाह्या किंवा भाजलेले मखाणे घ्या. २० ग्रॅम मखाण्यांत ७० कॅलरी. त्यावर चमचाभर तूप ओतलंत की ४५ वाढतात, म्हणून अर्धाच चमचा. हवाही फार कोरडी असते, तेव्हा पाणी घोट घोट पीत राहा.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. त्यांच्यासाठी कमीत कमी कॅलरीचं काय न्यावं?
— एक वाचक, कराड

त्यांच्या बाबतीत कमीत कमीचा हट्ट धरू नका. विमानाला उशीर झाला आणि इन्सुलिन घेऊन खाणं लांबलं, तर रक्तातली साखर उतरण्याचा धोका मोठा आहे. खिशात १५ ग्रॅम ग्लुकोजची पुडी ठेवा, नसेल तर तीन लहान चमचे साखर. थरथर, घाम, गोंधळल्यासारखं झालं की ती आधी द्यायची, १५ मिनिटांनी साखर तपासायची, कमीच असेल तर पुन्हा तेवढीच. अशा वेळी शेंगदाण्याचा लाडू किंवा चिक्की देऊ नका, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. त्रास थांबल्यावर मग फुटाणे किंवा दशमी. गुंगी असेल, गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, लगेच विमानातल्या कर्मचाऱ्यांना सांगा.

इन्सुलिन, सुया आणि डॉक्टरांची चिठ्ठी केबिन बॅगेत. चेक-इनच्या सामानात इन्सुलिन गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं पुन्हा वापरता येत नाही. डोसाच्या वेळा निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

प्रश्न : दुकानातला ‘डाएट चिवडा’ घ्यावा का?
— एक वाचक, इस्लामपूर

पाकिटाची पुढची बाजू वाचू नका, मागची वाचा. तिथे १०० ग्रॅमचा आकडा असतो, त्याची साध्या शेवेशी तुलना करा. तळलेली शेव साडेपाचशेच्या आसपास असते. तुमचा ‘डाएट’ पाचशेवर असेल तर फरक फक्त किमतीत आहे. ‘एका वेळेचे’ म्हणून छापलेला आकडा बहुधा ३० ग्रॅमचा असतो. पाकीट दीडशे ग्रॅमचं असेल तर ते पाच जणांचं झालं.

प्रश्न : तीन वर्षांच्या नातवाला काय द्यावं? आणि विमान उतरताना त्याचा कान दुखतो.
— एक आजी, फलटण

आजी, अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं त्याला देऊ नका. चार वर्षांखालच्या मुलाच्या घशात ते अडकू शकतात, आणि हवेत हादरे बसताना धोका वाढतो. राजगिऱ्याची वडी मोडून, केळं, किंवा उभी चिरून चार तुकडे केलेली द्राक्षं चालतील. कान दुखतो तो विमान खाली येऊ लागल्यावर, चाकं टेकायच्या वीस-तीस मिनिटं आधीपासून. तेव्हा त्याला जागं ठेवा आणि कपातून, नाहीतर स्ट्रॉने, थोडं थोडं पाणी प्यायला लावा. प्रत्येक घोटाला कान मोकळा होतो. केळं मात्र वरच्या बॅगेत कोंबू नका, हातातल्या डबीत ठेवा. एक पिकलेलं केळं चेपलं की बाळाचे कपडे, पासपोर्ट, सगळ्याला वास लागतो.