वाचकांचे प्रश्न : भट्टीवरची मुलं आणि त्यांचे कागद

प्रश्न : आमच्या शाळेजवळच्या वीटभट्टीवर दिवाळीनंतर रायगडातली कातकरी कुटुंबं येतात. मुलांकडे ना दाखला, ना आधार. मुख्याध्यापक म्हणतात, कागद आणा, मग नाव घालू. काय करावं? – शिक्षिका, भिवंडी तालुका

उत्तर : आधी नाव घाला, कागद मागाहून येतील. शिक्षण हक्क कायदा, 2009 मधलं कलम 14 सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम 4 नुसार मूल वयाला शोभेल त्या वर्गात बसवायचं असतं. नऊ वर्षांच्या मुलीला पहिलीत बसवलं की ती आठवड्याभरात शाळा सोडते. तिला तिसरी-चौथीत घ्या आणि वाचन-गणिताची तयारी वेगळी करून घ्या. मुख्याध्यापकांची अडचणही खरी आहे. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, आधार नसलेलं मूल मोजलं जात नाही. पण त्यापायी मुलाचं वर्ष वाया जाऊ देऊ नका. हजेरीपटावर नाव आल्या दिवसापासून त्याला पोषण आहार द्या.

मुलाच्या गावच्या शाळेला फोन करून शिक्षण हमी कार्ड, म्हणजे स्थलांतर करणाऱ्या मुलाच्या शिक्षणाची नोंद असलेलं कार्ड, मागवा. खरं तर ते मूल निघतानाच पालकांच्या हाती द्यायचं असतं. पावसाआधी कुटुंब परत निघेल तेव्हा तुम्हीही तसंच कार्ड द्या, त्यात मुलाला काय वाचता येतं ते लिहा. जन्मतारीख मात्र अंदाजाने 1 जून टाकू नका. वाडीवर चौकशी करा, आई ‘होळीच्या आधी’, ‘गणपतीत’ असं नक्की सांगते. तारीख आणि नावाचं शुद्धलेखन मूल शाळेत असेपर्यंत सहज दुरुस्त होतं, शाळा सुटल्यावर त्यासाठी फार खेटे पडतात.

प्रश्न : भट्टीवरच बाळंत झालेल्या बाईच्या मुलाची जन्मनोंद कुठे करायची? ग्रामपंचायत ‘तुमच्या गावी करा’ म्हणते. – कार्यकर्ता, कर्जत

उत्तर : जिथे जन्म, तिथेच नोंद. भट्टी ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत, तिथे. गावी जाऊन अर्ज केला तर तो परत येतो, आणि त्या फेऱ्यांत मुदत निघून जाते. 21 दिवसांत नोंद फुकट होते. 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षापर्यंत वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी. वर्ष उलटलं की ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला घेऊन दंडाधिकाऱ्यांचा आदेश मिळवावा लागतो. म्हणून गरोदर बाई भट्टीवर आली की लगेच तिथल्या आशाताईंकडून माता-बाल संरक्षण कार्ड भरून घ्या. घरी झालेल्या बाळंतपणाला पुरावा म्हणून हेच कार्ड उपयोगी पडतं.

प्रश्न : जातीच्या दाखल्यासाठी 1950 आधीचा पुरावा मागतात. आमच्या वाडीत कुणाच्या नावे सातबारा नाही, आजोबा शाळेत गेले नाहीत. – वाचक, सुधागड

उत्तर : अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 ही तारीख पाहतात. तहसीलच्या अभिलेख कक्षात जन्म-मृत्यूचा जुना गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, मागा. अर्जात गावाचं त्या वेळचं नाव आणि आजोबा-पणजोबांचं नाव लिहा, आडनावाचा भरवसा धरू नका, जुन्या नोंदींत ते बहुधा नसतंच. ‘काथोडी’ लिहिलेलं आढळलं तर घाबरू नका, अनुसूचित जमातींच्या यादीत काथोडी आणि कातकरी एकाच नोंदीत आहेत. चुलते, चुलत आजोबा यांच्या शाळेच्या दाखल्याची वंशावळीसह जोड चालते. मामाचा दाखला चालत नाही, आणि बरेच अर्ज इथेच अडतात. काहीच सापडलं नाही तर प्रांताकडे गृहचौकशीची लेखी मागणी करा आणि पोच घ्या. पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातही एक प्रत द्या.

प्रश्न : भट्टीवर रेशन मिळतं का?

उत्तर : मिळतं, देशात कुठल्याही दुकानात, त्याच कार्डावर. कातकरी आदिम जमातीत मोडतात, आणि आदिम जमातीतलं कुटुंब अंत्योदयात बसतं, म्हणजे कार्डामागे महिना 35 किलो धान्य. तुमचं कार्ड प्राधान्य गटाचं असेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत बदलाचा अर्ज द्या. विटा थापून बोटांच्या रेषा झिजतात, ठसा जुळत नाही. अशा वेळी ओटीपीवर धान्य मागा, मात्र मोबाइल नंबर आधारला निघण्याआधीच जोडून घ्या.