एफआरपी थकली, तर दार कोणाचं ठोठावायचं?

प्रश्न : ऊस जाऊन दीड महिना झाला, पैसे नाहीत. आमचे आमदारच कारखान्याचे चेअरमन. मग तक्रार करायची तरी कोणाकडे? (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : आमदार आणि चेअरमन एकच असले, तरी एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, आणि तो देण्याची मुदत त्यांच्या हातात नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. त्यानंतर वर्षाला १५ टक्के व्याज. दीड लाख महिनाभर थकले, तर व्याज साधारण १,८५० रुपये होतं. हे व्याज बहुतेक शेतकरी मागतच नाहीत, आणि कारखान्यांनाही ते ठाऊक आहे.

आधी दर स्वतः काढा. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) क्विंटलला ३५५ रुपये, पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६. म्हणजे ११.२५ उताऱ्याला टनाला ३,८९६. यातून तोडणी-वाहतूक वजा होते. ती कपात किती दाखवलीय, ते पावतीवर नीट बघा. खरी गफलत तिथेच होते.

मग वजनाच्या सगळ्या पावत्या आणि बँक पासबुकाची प्रत जोडून प्रादेशिक साखर सहसंचालकांकडे अर्ज द्या, एक प्रत पुण्याला साखर आयुक्तांना. पोच घेतल्याशिवाय परतू नका. व्याजाची मागणी वेगळ्या परिच्छेदात लिहा. आयुक्त आरआरसी काढतात, म्हणजे थकबाकी जमीन महसुलासारखी वसूल करण्याचा आदेश. वसुली मात्र जिल्हाधिकाऱ्यांनी करायची असते, आणि गाडं तिथे अडतं. कारखान्याची साखर बँकेकडे तारण असते, वरून थांबा असा फोनही येतो. म्हणून एकट्याने अर्ज करू नका. गावातल्या पन्नास जणांचे अर्ज एकाच दिवशी गेले, तर ती फाइल दाबून ठेवणं अवघड होतं.

विरोधी बाकावरच्या आमदाराकडून तारांकित प्रश्न टाकून घ्या. खात्याला किती थकलं आणि काय कारवाई केली, हे सभागृहात लेखी सांगावं लागतं. त्या उत्तरासाठी आकडे गोळा करताना खालची कचेरी हलते, हे अर्जाने होत नाही.

प्रश्न : कारखान्यांच्या दबावापुढे शेतकरी संघटनांचं काही चालतं का?

उत्तर : चालतं. २१ फेब्रुवारी २०२२ ला राज्याने शासन निर्णय काढून एफआरपी दोन हप्त्यांत द्यायची मुभा दिली. कारखान्यांना हेच हवं होतं. विधिमंडळात कायदा न करता, खात्याच्या एका कागदाने एकरकमी हक्क मोडला, हे आम्हाला तेव्हाही चूक वाटत होतं. स्वाभिमानी शेतकरी संघटनेचे नेते राजू शेट्टी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १७ मार्च २०२५ ला तो निर्णय रद्द झाला. त्यामुळे आज कारखाना ‘दुसरा हप्ता हंगाम संपल्यावर’ म्हणाला, तर ते लेखी मागा, आणि अर्जात या निकालाची तारीख घाला.