कमी ऐकू येणाऱ्या आईला दिव्यांग प्रमाणपत्राच्या तपासणीत मुलाने कशी मदत करावी?

तुमच्या आईंना कमी ऐकू येते, दृष्टीही अधू झाली आहे, आणि तपासणीला सोबत जाताना आपण काय करावे, असे तुम्ही विचारले आहे. माझे मत स्पष्ट आहे. त्यांच्या वतीने बोलू नका आणि ‘पटापट उत्तरे दे’ असे तर मुळीच शिकवू नका.

माझ्या वडिलांनी तीस वर्षे यंत्रमागावर काम केले. गोंगाटामुळे येणाऱ्या बहिरेपणात ४००० हर्ट्झच्या आसपासचे उंच पट्टीचे आवाज आधी जातात. त्यामुळे त्यांना हाक ऐकू यायची, पण शब्द कळायचा नाही. ‘सात वाजता निघू’ म्हटले की ते आठला तयार होत. वयानुसार उरलेले ऐकणेही कमी झाले, तेव्हा आम्ही अर्ज केला. आदल्या रात्री माझ्या थोरल्या भावाने त्यांना समोर बसवून बजावले, “विचारले की लगेच उत्तर द्यायचे, नुसते बघत राहायचे नाही.” दुसऱ्या दिवशी वडील कानांना हेडफोन लावून आणि हातात बटण धरून बसले, ते थेट काचेपलीकडच्या तंत्रज्ञाकडे तोंड करून. तंत्रज्ञाचा हात यंत्राच्या कळीकडे गेला की ते बटण दाबत. मी मागून हे पाहत होते, पण दादा शेजारी असल्यामुळे गप्प राहिले, याची खंत मला आजही आहे. ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर, दोन्ही कानांची सरासरी हानी ५२ डेसिबल आली आणि अर्ज नामंजूर झाला, कारण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार कमी ऐकू येणाऱ्यांत गणना होण्यासाठी दोन्ही कानांत किमान ६० डेसिबलची हानी असावी लागते.

काही महिन्यांनी दुसरीकडे तपासणी करताना मी त्यांची खुर्ची काचेकडे पाठ करून ठेवायला लावली आणि बेरा चाचणीही मागितली. तिच्यात डोक्याला इलेक्ट्रोड लावून आवाजाला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद नोंदवतात; बटण दाबण्याचा प्रश्नच नसतो. या वेळी सरासरी ६६ आली आणि प्रमाणपत्र मिळाले. दादा मात्र अजूनही म्हणतो की मी वडिलांना चारचौघांत बहिरे ठरवले. कान तर माग चालवतानाच गेले होते. कागदावर तो आकडा उशिरा आला, एवढेच.

कमी ऐकू येणारी माणसे समोरच्याला त्रास नको म्हणून मान डोलावतात, आणि नेमकी तीच सवय तपासणीत त्यांचे नुकसान करते. म्हणून आईंना एवढेच सांगा की ऐकू आले तरच बटण दाबायचे आणि प्रश्न कळला नाही तर ‘कळले नाही’ असे म्हणायचे. खोटे वागायला मी सांगत नाही. मुद्दाम न दाबलेले बटण बेरा चाचणीत उघडे पडते.

दृष्टीचा माझा अनुभव नाही. कायदा मात्र चष्मा लावल्यानंतर चांगल्या डोळ्याला किती दिसते ते पाहतो, त्यामुळे सध्याच्या नंबरचा चष्मा बरोबर न्या. कान आणि डोळे या दोन्हींची नोंद एकाच अर्जात करा, कारण दोन्हींच्या दिव्यांगत्वाचे टक्के साध्या बेरजेने नव्हे, ठरलेल्या सूत्राने एकत्र धरतात आणि बहुतेक सवलतींना ४० टक्के लागतात. निर्णय चुकीचा वाटला तर याच कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येते. अर्थात, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, हाती आले म्हणजे पैसे सुरू झाले असे नाही. प्रत्येक योजनेच्या उत्पन्नाच्या आणि टक्केवारीच्या अटी वेगळ्या असतात.

आणि तुमच्याही घरी आमच्या दादासारखे कोणी असेल, तर त्यांना त्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसवा.