धोका सांगताना

प्रिय पोरी,

लैंगिक अत्याचार सोसलेल्या बाईला कॅन्सरचा धोका सांगावा की नाही, असं तू विचारलंस. सांगावा. पण ‘तुमच्यासोबत तसं झालं, म्हणून गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो’ असं नको. त्या माणसाने अजूनही आपल्याला सोडलेलं नाही, एवढंच ऐकून ती घरी जाईल.

हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो, त्या एचपीव्ही विषाणूपासून सुरुवात कर. संबंध आलेल्या बहुतेकांना तो कधी ना कधी होतोच, नवऱ्याकडूनही येतो. बहुतेकींचा एक-दोन वर्षांत आपोआप जातो. राहिलाच, तरी कॅन्सर व्हायला साधारण 15 ते 20 वर्षं लागतात, आणि आधीचे बदल तपासणीत सापडतात. एचआयव्ही असेल तर ही मुदत बरीच कमी होते. बदल असे वेळेत सापडावेत म्हणून 30 ते 65 वयाच्या सगळ्याच बायांना दर 5 वर्षांनी तपासणीला बोलावतात. ‘सगळ्याच’ यावर जोर दे. आपली हकीकत न सांगताही तिला तपासणी मागता आली पाहिजे.

घटना ताजी असेल तर कॅन्सरचा विषय काढूच नको. तेव्हा घाई असते ती 72 तासांच्या आत एचआयव्ही रोखणारं औषध सुरू करायची आणि 5 दिवसांच्या आत गर्भ राहू नये म्हणून गोळी द्यायची. एचपीव्हीच्या लशीचं नंतर बोल. झालेला संसर्ग ती काढत नाही, नवा रोखते.

खरं घोडं अडतं ते तपासणीच्या टेबलावर. अशा बाया तारीख घेतात आणि येत नाहीत. कुणाची पूर्वी ‘दोन बोटांची चाचणी’ही झालेली असते, म्हणजे बाईला संबंधांची ‘सवय’ आहे का, हे योनीत बोटं घालून बघणं. केंद्राच्या 2014 च्या सूचनांनी ती बाद केली, 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावलं (एवढं बजावावं लागतं, यातच काय ते समज). ‘तुम्ही थांबा म्हटलं की मी थांबेन’ हे कपडे काढायच्या आधी सांग, आणि खरंच थांब. स्पेक्युलम (योनी उघडून आत बघायचं साधन) तिला स्वतः घालायचा असेल तर घालू दे. एचपीव्ही चाचणीची सोय असेल तिथे नमुना तिचा तिलाच घेता येतो. तो पर्याय आधी दे.

इथल्या, नागपुरातल्या मोमिनपुऱ्यातली बाई ओळखीचं कोणी भेटेल म्हणून जवळच्या मेयो रुग्णालयात यायला बिचकली, तर समजावत बसू नको, मेडिकलला, म्हणजे दुसऱ्या सरकारी रुग्णालयात पाठव. आणि रिपोर्टसाठी नंबर लिहून घेताना, तो फोन घरी कोण उचलतं, हे विचार.

तुझी,
मॅडम