लाइपझिग की फ्रँकफर्ट: एअर कार्गोतली नोकरी निवडण्यापूर्वी

तुमच्याकडे दोन ऑफर आहेत: लाइपझिगला एक्स्प्रेस कंपनीच्या हबवर, म्हणजे माल गोळा करून वाटणाऱ्या केंद्रावर, शिफ्ट सुपरवायझर, किंवा फ्रँकफर्टला फ्रेट फॉरवर्डरकडे, म्हणजे ग्राहकांचा माल विमान कंपन्यांमार्फत पाठवणाऱ्या मध्यस्थ कंपनीकडे, एक्स्पोर्ट डेस्क. पगार जवळपास सारखाच, मग घ्यावी कुठली, असं तुम्ही विचारलंय. परदेशात आल्यापासून मी याच धंद्यात आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मत आधीच सांगतो: फ्रँकफर्ट घ्या. हवाई मालवाहतुकीचं जाळं कसं विणलंय हे कळलं की कारण आपोआप लक्षात येईल.

खरं तर ही एकमेकांवर पसरलेली तीन जाळी आहेत. पहिलं फेडेक्स, यूपीएस, डीएचएल यांचं. विमान, ट्रक, सॉर्टिंग, घरपोच डिलिव्हरी, सगळं एकाच कंपनीच्या हातात. फेडेक्सने १९७३ मध्ये मेम्फिसहून सुरुवात केली तेव्हा जाळ्यात २५ शहरं होती. प्रत्येक शहर दुसऱ्या प्रत्येक शहराशी थेट जोडायचं तर ३०० जोड्या होतात. सगळा माल रात्री एकाच हबवर आणून, तिथे वेगळा करून पहाटे परत पाठवला तर मोजके मार्ग पुरतात. पण मग त्या हबला रात्रभर उघडं राहावंच लागतं. डीएचएलने २००८ मध्ये युरोपचं मुख्य हब ब्रुसेल्सहून लाइपझिगला हलवलं, त्यामागे रात्रीच्या उड्डाणांचाच प्रश्न होता. तेव्हा तिथल्या नोकरीत रात्रपाळी अधूनमधून येणार नाही, नोकरीच ती असेल. काम शिस्तीचं आहे, प्रशिक्षणही चांगलं मिळतं, पण तुम्ही शिकाल ती एका कंपनीची पद्धत.

दुसरं जाळं प्रवासी विमानांच्या पोटातलं. जगातला साधारण निम्मा हवाई माल या बेलीतून जातो, म्हणजे त्याचे मार्ग प्रवाशांच्या सोयीने ठरलेले असतात. २०२० मध्ये प्रवासी विमानं थांबली, ही जागा एका झटक्यात गेली आणि दर कुठल्या कुठे गेले. प्रवाशांच्या सीटवर मास्कचे खोके बांधून विमानं उडाली.

तिसरं फ्रेटरचं, म्हणजे फक्त माल नेणाऱ्या विमानांचं, आणि मला सगळ्यात आवडणारं. लक्झेंबर्गच्या कार्गोलक्ससारख्या कंपन्या इथे येतात. प्रवासी जातो तसा परतही येतो. माल परत येत नाही. हाँगकाँग किंवा शांघायहून विमान भरून निघतं, उलट दिशेला मात्र माल शोधावा लागतो. म्हणून फ्रेटरचे मार्ग त्रिकोणी असतात, काही तर पृथ्वीप्रदक्षिणाच करतात. आशियातून अमेरिकेला जाणारी फ्रेटर अलास्कातल्या अँकरेजला इंधनासाठी उतरतात ती या हिशोबाने: टाकीत इंधन कमी घेतलं की तेवढाच जास्त माल चढतो.

फॉरवर्डर या तिन्ही जाळ्यांवर बसलेला असतो. तो एअरलाइनकडून जागा घेतो, अनेकांचा माल एका मास्टर एअरवे बिलाखाली (एअरवे बिल म्हणजे हवाई मालाची पावती आणि करार) गोळा करतो आणि प्रत्येकाला स्वतःचं हाउस एअरवे बिल देतो. खरं कसब पॅलेट, म्हणजे विमानात चढवायचा मालाचा सपाट तळ, भरण्यात आहे. एक घनमीटर माल किमान १६७ किलो धरून भाडं लागतं. एकाकडे जड यंत्राचे सुटे भाग, दुसऱ्याकडे हलके पण मोठे खोके, दोन्ही नीट एकत्र बसवले तर ग्राहकांकडून घेतलेलं आणि एअरलाइनला दिलेलं भाडं यांच्या फरकात नफा असतो. हे गणित ज्याला जमलं त्याला हाँगकाँगपासून मायामीपर्यंत कुठेही काम मिळतं, आणि परक्या देशात राहताना हा आधार फार मोठा असतो.

फ्रँकफर्टला २०११ पासून रात्री ११ ते पहाटे ५ नियमित उड्डाणांना बंदी आहे. तिथला बराच माल ट्रकने लक्झेंबर्ग, बेल्जियममधलं लीज शहर किंवा ॲमस्टरडॅमला जातो, आणि त्या ट्रकला चक्क फ्लाइट नंबर असतो. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपीय विमानांना बंद झालं, पूर्व आशियाचे मार्ग लांबले आणि फ्रेटरचे मार्ग नव्याने आखावे लागले. असे बदल एक्स्पोर्ट डेस्कला सगळ्यात आधी जाणवतात. शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

निघण्यापूर्वी धोकादायक मालाचं, म्हणजे डीजीआरचं प्रमाणपत्र ताजं करून घ्या. ते दोन वर्षंच चालतं. लिथियम बॅटरीचे नियम पाठ असू द्या. नुसत्या पाठवलेल्या लिथियम आयन बॅटरी २०१६ पासून प्रवासी विमानात माल म्हणून नेता येत नाहीत, आणि मुलाखतीत हे हमखास विचारतात. जर्मन आत्तापासूनच शिका, कारण ट्रकचालक, वेअरहाउस आणि कस्टम्स यांच्याशी रोजचं बोलणं त्याच भाषेत होतं. करार थेट कंपनीशी आहे की मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीशी, हे लेखी विचारा. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी लोकांसाठीचा युरोपीय संघातला राहण्याचा आणि कामाचा परवाना, हवं असेल तर काम तुमच्या पदवीला साजेसं असावं लागतं आणि पगाराची किमान मर्यादा दरवर्षी बदलते. त्यामुळे सही करण्याआधी पदाचं नाव आणि कामाचं वर्णन दोन्ही करारात नीट लिहून घ्या.