रस्त्यावरची अक्षरे आणि खिशातली वही

ग्राफिक डिझाइनच्या या व्यवसायात नव्याने आलेल्या तुम्हाला माझे पहिले सांगणे असे, की संदर्भ केवळ पडद्यावर शोधू नका. खिशात छोटी वही ठेवा आणि येताजाता दिसणारी अक्षरे तिच्यात उतरवून घ्या. मालमोटारीच्या मागच्या फळीवर पेंटरने रंगवलेला देठाचा ‘श’ आणि पाकळ्यांचा ‘ल’ जवळून पाहा. कुंचला कुठे टेकला, कुठे दाबला आणि कुठे हलकेच उचलला, हे रंगाच्या जाडीवरून कळते.

राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयाने हीच दोन रूपे मराठीसाठी प्रमाण ठरवली, तरीही आपल्या निमंत्रणपत्रिकांत हिंदी वळणाची अक्षरे सर्रास छापली जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते. अनेक युनिकोड फाँटमध्ये मराठी रूपे असतात. मात्र मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडल्याखेरीज ती उमटत नाहीत.

एका भित्तिपत्रकात ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ऐवजी माझ्या हातून ‘दर्या’ छापले गेले, म्हणजे दरीचा समुद्र झाला. तेव्हापासून प्रत्येक काम छपाईला देण्याआधी मी मूळ आकाराची प्रत काढतो आणि जोडाक्षरांवर बोट ठेवून ती मोठ्याने वाचतो. तुम्हीही तसे करा.