मे महिन्याची अट आधी मागे घ्या

पत्र फोंड्याहून, वडिलांचं. मुलगा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय फिजिक्स, पहिल्या वर्षी ५८ टक्के. लहानपणी तबला शिकला, मध्यमा पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या, मग सोडला. आता रात्र रात्र हेडफोन लावून लॅपटॉपवर क्यूबा-कोलंबियाकडच्या तालांना इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकची जोड देतो आणि गाणी स्वतःच नेटवर टाकतो. वडिलांची अट अशी: येत्या मेपर्यंत यातून महिन्याला २५ हजार आणून दाखव, नाहीतर लॅपटॉप बंद आणि बँकेच्या परीक्षांचा क्लास सुरू. संगीतातच राहायचं असेल, तर त्यांना प्लेसमेंट देणारा साउंड इंजिनिअरिंगचा कोर्स हवा आहे. शेवटी लिहितात, ‘तुम्हीच त्याला समजावा, तुमचं ऐकेल.’

सादर नमस्कार,

त्याला मी समजावणार नाही. आधी तुमच्याशीच बोलायचं आहे.

तुमच्या पत्रात मामेभावाचा बेंगळुरूचा पगार आहे, शेजाऱ्यांचं बोलणं आहे, दोनदा हाक मारल्याशिवाय मुलगा जेवायला येत नाही हेही आहे. त्याचं एखादं गाणं तुम्ही बसून पूर्ण ऐकलं, असं कुठेच नाही. मला ५८ टक्क्यांपेक्षा याचीच काळजी जास्त वाटते. चवथीला आरतीत घुमट वाजवतो, ‘तेवढंच काय ते’, असं तुम्ही लिहिलंय. जे पोर घुमटावर हात बसवतं आणि तबल्याच्या पाच परीक्षा देतं, त्याच्या अंगात लय आहे की नाही, हे सांगायला करिअर मार्गदर्शक कशाला हवा?

आता अटीबद्दल. विशीतल्या मुलाला ‘मेपर्यंत २५ हजार’ म्हटलं की तो काय करेल, याचा विचार केलात का? जे हळूहळू स्वतःचं घडतंय ते बाजूला ठेवेल आणि सध्या जे खपतं त्याची नक्कल करायला लागेल. किंवा तुमच्यापासून लपवायला लागेल. मित्राकडून उसने पैसे घेऊन ‘मानधन मिळालं’ म्हणून घरी देणारी मुलं माझ्यासमोर बसून रडली आहेत. त्यांचे आईवडीलही वाईट नव्हते, घाबरलेले होते. तुम्हीही घाबरलेले आहात, हे ओळीओळीत दिसतं. पण तुमच्या भीतीची किंमत त्याने भरायची, हे मला मान्य नाही. आणि बँकेची एवढी घाई कशाला? ती परीक्षा पदवीशिवाय देताच येत नाही, आणि पीओसाठी, म्हणजे बँकेतल्या अधिकारीपदासाठी, खुल्या गटालाही वयाच्या ३० वर्षांपर्यंत मुभा असते.

‘डीजे होऊन बागा-हणजुणेच्या पार्ट्यांत आयुष्य काढायचं का?’ असा तुमचा प्रश्न आहे. इथे मोठा गैरसमज आहे, आणि गोव्यात तो घरोघरी आढळतो. डीजे तयार गाणी लोकांसमोर एकापाठोपाठ एक गुंफत वाजवतो. तुमचा मुलगा प्रोड्युसर आहे, तो गाणं मुळापासून बांधतो: ताल, चाल, वाद्यं, ध्वनिमुद्रण, मिक्सिंग सगळं. काही जण दोन्ही करतात, पण प्रोड्युसरला क्लबात पाऊल टाकावंच लागतं असं नाही. तो काय करतोय ते तबल्याच्या भाषेत सांगते. सोळा मात्रा मोजा. हाउस म्युझिक हा डान्स म्युझिकचाच एक प्रकार. त्याचा ठोका, ही मुलं त्याला किक म्हणतात, १, ५, ९ आणि १३ वर पडतो. त्रितालाचे विभाग नेमके तिथेच सुरू होतात. क्यूबन संगीताचा कणा म्हणजे क्लावे, पाच आघातांचा. त्याचा एक नेहमीचा प्रकार, सोन क्लावे, १, ४, ७, ११ आणि १३ वर वाजतो. म्हणजे दोघांची गाठ फक्त १ आणि १३ वर पडते. मधले तीन आघात ठोक्याला चुकवत राहतात आणि पाय हलतात ते त्या ओढाताणीमुळे. आता ठोका आणि क्लावे यांच्यामध्ये बेस आणि पियानो असे बसवायचे की एकाने दुसऱ्याला झाकू नये. लॅपटॉप हे आपोआप करत नाही. तबल्याची वर्षं वाया गेली म्हणता, तीच वर्षं तो आज वापरतोय. क्लावेच्या पाच आघातांवर टाळ्या देऊन बघा, १ ला धरा आणि ११ चुकवू नका. मग त्याला जेवायला दोनदा का बोलवावं लागतं ते कळेल.

‘परक्या मुलखाचं संगीत’ हा आक्षेप तर गोव्यातून यायलाच नको होता. हळदोण्याचे चिक चॉकलेट मुंबईच्या हॉटेलांत ट्रम्पेट वाजवत होते आणि सी. रामचंद्रांबरोबर कामही करत होते. रुंबा-सांबाच्या चालीवरची हिंदी गाणी तुमच्या वडिलांनी रेडिओवर ऐकली असतील.

कोर्सचं थोडक्यात. पुण्याच्या एफटीआयआयला, म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूटला, ध्वनीचा अभ्यासक्रम पदवीनंतर आहे, बारावीचं फिजिक्स लागतं, प्रवेश परीक्षा देऊन जाता येतं. पण तिथे भर चित्रपटाच्या ध्वनीवर असतो. लाखोंचा खासगी डिप्लोमा आत्ता नको. घरी बसून स्वतःचं संगीत करणाऱ्याला ‘प्लेसमेंट’ कोण देणार? त्यापेक्षा पियानो शिकवा. पणजीला कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रेड परीक्षांची तयारी करून घेणारे शिक्षकही गोव्यात आहेत. तबला हाताशी आहे, सूर बोटांत यायला हवेत.

पैशाचं खरं सांगते. स्ट्रीमिंगवर वर्षानुवर्षं चहापाण्यापुरतंही सुटत नाही. या क्षेत्रात पोट भरतं ते जाहिरातींचं, लघुपटांचं, नाटकांचं पार्श्वसंगीत करून किंवा दुसऱ्यांची गाणी मिक्स करून. गोव्यात जत्रेची नाटकं आहेत, कला अकादमीची मराठी नाट्यस्पर्धा आहे. एका नाटकाचं पार्श्वसंगीत त्याला करू दे. मानधन किरकोळ असेल, पण दिग्दर्शकाने चार वेळा बदल सांगितल्यावर तेच काम वेळेत पुरं करणं तिथे शिकता येतं.

चिरंजीवांनाही सांगायचं आहे: बाळा, जुन्या क्यूबन रेकॉर्डचे तुकडे उचलत असशील तर थांब. रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, रचनेचा वेगळा, दोन्हींची परवानगी लागते. स्वतः वाजव. गाणी प्रसिद्ध करतोसच, तर संगीतकार म्हणून आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घे. आणि पदवी पुरी कर, फिजिक्समधला ध्वनिलहरींचा भाग तुझ्याइतका वर्गात कुणाच्याच कामाचा नाही.

हेडफोनची तक्रार मात्र रास्त आहे. तासन्‌तास मोठ्या आवाजाने कान जातात, आणि त्याचं सगळं काम कानांवर आहे. डिप्लोम्यासाठी ठेवलेल्या पैशांतून साधे मॉनिटर स्पीकर (संगीत तपासून ऐकायचे स्पीकर) आणा, रात्री दहापर्यंत वाजवायची मुभा द्या. मेची अट मागे घेतल्याचं त्याला तुम्ही स्वतः सांगा, आईमार्फत नको. दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला की पुन्हा लिहा, तेव्हा एक पान त्यालाही लिहू द्या.